वहिनीला विचारलंस का?

चि. निखिल यास,

परवा लग्नात सुलूमावशीकडून कळलं की तू बिल्डरकडून पैसे घेऊन शिवाजी पार्कची जागा कायमची सोडतोयस आणि घोडबंदर रोडला फ्लॅटही बघून आलायस. तेव्हापासून मला झोप नाही. ऐकीव गोष्टीवरून बोलू नये, पण आधी एवढंच सांग, वहिनीला, तुझ्या आईला, विचारलंस का?

जिना अरुंद, लिफ्ट नाही, गॅलरीचा गिलावा सुटतोय, गाडीला जागा नाही, उन्हाळ्यात मैदानातली लाल माती घरभर. सगळं कबूल. इमारत पाडून नवी बांधायला माझी ना नाही. पण पुनर्विकासात राहून नवी जागा घेणं वेगळं आणि आज रोकड घेऊन भाडेकरूचा हक्कच सोडून देणं वेगळं. एकदा सोडलंस की त्या भागात पुन्हा घर घेणं आपल्यासारख्यांच्या सात पिढ्यांना जमायचं नाही.

कागदही नीट वाच. आपली इमारत उपकरप्राप्त आहे. 51 टक्के भाडेकरूंची संमती झाली की बिल्डरला पुढे सरकता येतं, म्हणून सह्यांची एवढी घाई. ती संमती मागे घेता येत नाही असं त्या कागदातच लिहिलेलं असतं. कार्पेट किती, मजला कोणता, बाहेर राहायचं भाडं कधीपर्यंत, हे सगळं करारात येऊन करार रजिस्टर होईपर्यंत किल्ली द्यायची नाही. वकील आपला लाव, बिल्डरने सुचवलेला नको.

आणि ती जागा काय आहे तेही आठव. मुंबईत 1896 चा प्लेग आला, दाटीवाटीच्या वस्त्यांतून माणसं भराभर मेली, आणि मग कुठे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याकडे रुंद रस्ते आखले. मैदान 1925 मध्ये खुलं झालं तेव्हा ते माहीम पार्क होतं, 1927 मध्ये त्याला महाराजांचं नाव मिळालं. गिरगावातल्या अंधाऱ्या खोलीतून अण्णा, तुझे आजोबा, तिथे आले ते पोरांना हवा-उजेड मिळावा म्हणून. पागडीसाठी आईच्या पाटल्या गेल्या, हे तुला ठाऊक आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना ते मला खांद्यावर बसवून न्यायचे. आचरेकर सरांच्या नेटजवळ दादाने तुला किती वेळा उभं केलं, आठवतं ना? सहा डिसेंबरला मैदानात मुक्कामाला आलेल्या माणसांसाठी आपल्या घरातून पाण्याच्या कळशा जायच्या, आणि दादा तिथल्या पुस्तकांच्या स्टॉलवरून पिशवी भरून परतायचा.

दादा गेल्यावर वहिनी महिनाभर कुणाशी बोलली नव्हती. तिला उठवून उद्यान गणेशाच्या देवळात नेलं, मग मैदानाच्या कट्ट्यावर बसवलं, ते तिथल्या चार बायकांनी. मी नाही, तूही नाही. आजही ती एखाद्या दिवशी खाली उतरली नाही तर त्यांच्यातली कुणीतरी जिना चढून येते. घोडबंदरला बाविसाव्या मजल्यावर कोण येईल? तू आणि सूनबाई रात्री आठला घरी पोचणार. तोवर ती कुणाशी बोलेल? तिला विचार रे. ती "तुला बरं वाटेल ते कर" म्हणेल, आपल्या घरातल्या बायका तेच म्हणतात. त्यावर जाऊ नकोस, पुन्हा विचार.

शेवटच्या वर्षात अण्णा संध्याकाळी कट्ट्यावर माझी वाट बघायचे, असं दादा नंतर बोलला. डोंबिवलीची गर्दी, मुलांच्या परीक्षा, सासूबाईंचं दुखणं, सगळी कारणं खरी होती. पण त्यांच्या शेजारी मुकाट्याने अर्धा तास बसायचं राहिलं ते राहिलंच. तुझं असं काही राहू नये, म्हणून एवढं बोलले.

रागावू नकोस. तुझी दगदग मला दिसते. ठाण्याचं ऑफिस, ईराची शाळा, जुन्या कर्जाचे हप्ते. दादा असता तर निम्मं ओझं त्याने उचललं असतं. पैशांची फार ओढाताण असेल तर स्पष्ट सांग, माझी एक ठेव आहे, ती तशीच पडून आहे. रविवारी वहिनीला घेऊन ये, कागदही आण, आमच्या सोसायटीतल्या वकिलांना दाखवू. अळूवड्या करते, तुझ्या आवडीच्या, जास्त चिंचेच्या.

आणि सगळं बघूनही जावंच लागलं, तर तारीख मला आधी कळव. सुरुवातीला वहिनीजवळ मी येऊन राहीन.

तुझी,
आत्या