देहदंडाचे समर्थन : द्युमत्सेन, रामशास्त्री आणि भिलाई

भिलाईच्या पॉवर हाउस परिसरातील कॅम्प-१ ही श्रमिकांची वस्ती. या औद्योगिक पट्ट्यातील कंत्राटी कामगारांचे नेते शंकर गुहा नियोगी यांची २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे, भिलाईतील राहत्या घरी झोपेत असताना, गोळी घालून हत्या झाली. जून १९९७ मध्ये दुर्गच्या सत्र न्यायालयाने गोळी झाडणाऱ्यास देहदंड, तर दोघा उद्योगपतींसह अन्य पाच जणांस जन्मठेप सुनावली. पुढल्या वर्षी उच्च न्यायालयाने सर्वांची मुक्तता केली. जानेवारी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोळी झाडणाऱ्याचा अपराध सिद्ध मानला, मात्र त्यास जन्मठेप दिली. इतरांची मुक्तता कायम राहिली. देहदंडाच्या समर्थनार्थ भारतीय वाङ्मयात जे युक्तिवाद येतात, त्यांची पारख या खटल्याच्या साहाय्याने करता येते.

यांतला सर्वांत परिचित युक्तिवाद दहशतीचा. शांतिपर्वात द्युमत्सेन आणि सत्यवान या पितापुत्रांचा संवाद आहे. एका दस्यूच्या वधाने त्याची निरपराध पत्नी आणि मातापिता यांचाही घात होतो, असे सत्यवान म्हणतो. द्युमत्सेनाचे उत्तर असे की, एके काळी नुसता धिक्कार पुरे होई, पुढे कठोर वाणी लागली, मग धनदंड. आता वधावाचून लोक आवरत नाहीत. १९६७ च्या विधी आयोगाच्या पस्तिसाव्या अहवालाने देशाची विशालता, विषमता आणि सुव्यवस्थेची गरज पुढे करून फाशी ठेवावी असे सुचविले, तेव्हा त्याने द्युमत्सेनाचेच म्हणणे शासकीय भाषेत मांडले. परंतु दहशतीला शिक्षेची निश्चिती लागते. भिलाईत गुन्हा आणि अंतिम निकाल यांत तेरा वर्षांहून अधिक अंतर पडले.

मराठी मनाला अधिक जवळचा युक्तिवाद मात्र निराळाच आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा वध झाला. रघुनाथरावांना रामशास्त्री प्रभुणे यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितले, हा प्रसंग आख्यायिकांनी वाढविला आहे. ग्रँट डफनेही तो दिला आहे. येथे एका भेदाकडे सहसा दुर्लक्ष होते. शास्त्रीबोवांनी सांगितले ते प्रायश्चित्त होते, दंड नव्हे. दंड राजा देतो. प्रायश्चित्त पाप्याने शास्त्रज्ञास विचारून स्वतः करावयाचे असते. राजदंड भोगलेला पापी शुद्ध होतो, असे मनुस्मृती म्हणते खरी. पण सत्ताधीशच पापी असेल तर त्याला दंड देणार कोण, याची सोय तेथे नाही. रामशास्त्र्यांनी ती प्रायश्चित्ताच्या वाटेने शोधली. कृ. प्र. खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी' नाटकाने (१९०९) हा न्यायाधीश रंगभूमीवर अमर केला. प्रेक्षक त्याच्यापुढे नतमस्तक झाले ते त्याच्या कठोरपणामुळे नव्हे. ती कठोरता ज्याच्या वाट्यास आली तो वाड्याचा धनी होता, म्हणून.

इतिहास मात्र येथे नाटकाइतका उदार नाही. वधात सामील झालेल्या गारद्यांपैकी काहींना पुढे देहदंड झाला. रघुनाथराव १७८३ पर्यंत जगले.

समतेचा हा युक्तिवाद फाशीच्या बाजूचा सर्वांत भक्कम युक्तिवाद होय. नोकराला फाशी आणि धन्याला क्षमा, असे न झाले तरच तो टिकतो. भिलाईच्या खटल्यात उद्योगपतींवरील कटाचा आरोप सिद्ध झाला नाही. ते निर्दोष, हा निर्णय येथे गृहीत धरलाच पाहिजे. तथापि पुराव्याच्या कायद्याचा स्वभावच असा आहे की, ज्याच्या हातात शस्त्र असते त्याच्याविरुद्ध पुरावा मिळणे सोपे, आणि शस्त्रामागे कोणी असलाच तर त्याच्याविरुद्ध अवघड. त्यामुळे देहदंड बहुधा जिथे पुरावा स्वस्त तिथेच कोसळतो. समर्थक म्हणतील, हा दोष तपासाचा, शिक्षेचा नव्हे. ते अंशतः खरे आहे. पण तपास पुन्हा उघडता येतो. ज्याच्या तोंडून पुढे कधी काही कळू शकले असते, तो फासावर गेला की ती वाटही बंद होते.

फौजदारी अपिलांची चर्चा संविधान सभेत जून १९४९ मध्ये चालू असताना डॉ. आंबेडकरांनी, अपिलाचा वाद घालण्यापेक्षा फाशीच रद्द करणे बरे, असे सुचविले होते. सभेने ते स्वीकारले नाही. दुर्गचा देहदंड जन्मठेपेवर आला तो मात्र अपिलाच्याच वाटेने.