टक्के कशावरचे?

दिवाळीच्या खरेदीला मुलांना बरोबर नेलं की आपली तारांबळ ठरलेली. गर्दी, हातात पिशव्या, धाकट्याला लागलेली भूक. त्यात मोठी लेक दुकानातली पाटी वाचते, ‘आई, ५० टक्के आणि वर आणखी २० टक्के! म्हणजे ७० टक्के सूट ना?’ आपण बिलाच्या रांगेत असतो. ‘नाही गं, तसं नसतं’ एवढं म्हणून पुढे सरकतो. घरी गेल्यावर सांगू म्हणतो, आणि घरी गेल्यावर आधी कुकर लावायचा असतो.

सगळ्याच घरांत हे होतं. पण त्या ‘तसं नसतं’पाशी मूल अडकून पडतं, असं मला फार वाटतं. पन्नास आणि वीस मिळून सत्तर होतात, हे तिला आपणच शिकवलेलं. आज ते अचानक होत नाहीत आणि का ते कुणी सांगत नाही. मग तिला वाटायला लागतं की हे गणित मोठ्यांना कळतं, आपल्याला नाही कळायचं. पुढच्या वेळी ती विचारतच नाही. आठवीत ‘सूट व कमिशन’चा धडा येतो तेव्हा सूत्र पाठ करते, गुणही मिळवते, आणि दुकानातल्या पाटीसमोर पुन्हा तशीच गोंधळते.

खरं तर रांगेत उभ्या उभ्या जमण्यासारखं आहे. हजार रुपयांचा कुर्ता धरा आणि तिलाच विचारा. निम्मे गेले, उरले किती? पाचशे. आता पुढचे २० टक्के कशावर? इथे ती थांबेल. थांबू द्या, उत्तर आपल्या ओठांवर आलेलं असलं तरी. पाचशेवर, म्हणजे शंभर रुपये. उरले चारशे. एकूण सूट ६० टक्के. ते तिचं तिला सापडलं की चेहऱ्यावर जे उमटतं, त्यासाठी रांगेतला एक नंबर मागे गेला तरी चालेल.

शेकडेवारीतला बहुतेक गोंधळ या ‘कशावर?’ने सुटतो. हजाराची वस्तू २० टक्क्यांनी महागली आणि मग तिच्यावर २० टक्के सूट लागली, तर मुलं हमखास म्हणतात, परत हजारच. वाढ हजारावर झाली, दोनशेची. सूट बाराशेवर मिळाली, दोनशे चाळीसची. हाती येतात ९६०. मुलांना हे आधी अन्यायासारखं वाटतं आणि मग भलतंच आवडतं. आजोबांना कोडं घालायला पळतात.

घरात वह्या-पेन्सिली असतातच, त्यांच्यावरही बोलता येईल. २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्यांवरचा १२ टक्के जीएसटी शून्य झाला. मग वही १२ टक्क्यांनी स्वस्त व्हायला हवी, हो ना? शंभराच्या मालावर बारा रुपये कर, म्हणजे आपण देत होतो ११२. कर गेला आणि दुकानदाराने बाकी काही बदललं नाही, तर आता देणार शंभर. बारा रुपये वाचले, पण ११२ मधले. ते भरतात साधारण १०.७ टक्के. त्याच दिवशी टूथपेस्टवरचा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला. तिथेही ११८ चे १०५ धरले, तर तेरा रुपयांचा फरक म्हणजे जेमतेम ११ टक्के. एवढं समजलेलं मूल बातम्यांतला आकडा ऐकून लगेच हुरळत नाही.

नफ्याचंही तसंच. शाळेच्या आनंद मेळाव्यात मुलं भेळेचा स्टॉल लावतात. एका प्लेटला १६ रुपये खर्च, विकली २० ला. एक म्हणतो नफा २५ टक्के, दुसरी म्हणते २० टक्के, आणि भांडण आपल्यापर्यंत येतं. दिवसभराच्या थकव्यात ‘पुस्तकात बघा’ म्हणावंसं वाटणं साहजिक आहे. पण दोघंही बरोबर असतात. त्याने चार रुपये खर्चावर मोजले, तिने विक्रीवर. पुस्तकात खर्चावर मोजतात, एवढं सांगितलं की भांडण मिटतं. जमलं तर कांदे कुणी चिरून दिले, टेबल कुणी आणलं, तेही विचारा. कोपऱ्यावरच्या दुकानदाराचे चार रुपये सगळे त्याच्या खिशात जात नाहीत, भाडं आणि वीजबिल त्यातूनच जातं, हे मुलांना तिथे आपोआप उमगतं.

आपल्यातल्या कित्येकांच्या पोटात शेकडेवारी म्हटलं की आजही गोळा येतो. हिशेब चुकला तर मुलांसमोर कसं दिसेल, ही धास्ती असते. पण सगळं यायला हवं असं कुठे आहे? ‘चल, आधी शंभर धरून बघू’ म्हणून कागद पुढे ओढला तरी पुरतं. अडलं तर फोनवरचा कॅल्क्युलेटर आहेच. मूल आपलं उत्तर बघत नसतं. आपण वैतागलो आहोत का, हे बघत असतं.

एक हिशेब मात्र आपल्याच बाजूने नीट व्हायला हवा. मागच्या चाचणीत २० पैकी १६ होते, या वेळी १५ आले. आपल्या तोंडून निघतं, ‘८० चे ७५ झाले? पाच टक्के घसरलीस!’ तिला ऐकू येतं ते ‘घसरलीस’. वीस गुणांच्या पेपरात एक गुण गेला की पाच टक्के जातातच, शंभराच्या पेपरात तोच गुण एक टक्का असतो. आपली काळजी खरी असते, स्पर्धा डोळ्यांसमोर असते. तरी आधी पेपर उघडून बघावा. तो गेलेला गुण पुष्कळदा उत्तरापुढे ‘रुपये’ लिहायचं राहिलं म्हणून गेलेला असतो, आणि शांतपणे विचारलं तर ती स्वतःच दाखवते.