एलईडी घड्याळाची काच : आधी रंग, मग माप

यवतमाळ, पुसद, दिग्रस, उमरखेड, वणी येथील घड्याळ दुरुस्तीच्या धंद्याची परिस्थिती कारागीर बंधूंना सांगायला नको. हातात मोबाईल आला आणि स्वस्त घड्याळ बिघडले की फेकून देण्याची सवय लागली. सेल आणि पट्टा बदलण्याचे काम कोणीही करतो. ज्याला हाताचे कसब लागते असे काम म्हणजे काच बसवणे. त्यातही जुन्या एलईडी घड्याळाची काच बसवणारा कारागीर सहसा सापडत नाही. म्हणून हे काम शिकून ठेवणे फायद्याचे आहे.

हे घड्याळ कोणते?

अमेरिकेतील हॅमिल्टन कंपनीने १९७२ साली ‘पल्सर’ हे लाल अंकांचे घड्याळ बाजारात आणले. सोन्याच्या केसमधील त्या घड्याळाची किंमत २,१०० डॉलर होती. पुढे १९७६ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने प्लास्टिकचे एलईडी घड्याळ २० डॉलरला विकले. एलईडी अंकांना वीज फार लागते, म्हणून बटण दाबल्यावरच वेळ दिसे. वेळ सतत दाखवणारे आणि वीज कमी खाणारे एलसीडी घड्याळ आल्यावर ही घड्याळे मागे पडली. आता शौकीन लोक ती जमवतात व दुरुस्त करून वापरतात.

काच लाल का असते?

साध्या घड्याळाची काच केवळ झाकण असते. एलईडी घड्याळात मात्र ती अंक दिसण्यासाठी आवश्यक असते. बाहेरचा प्रकाश काचेतून आत जातो व पुन्हा बाहेर येतो, म्हणजे दोनदा गाळला जातो. अंकांचा लाल प्रकाश एकदाच काचेतून येतो आणि लाल काच त्याला अडवत नाही. त्यामुळे आतला भाग काळा दिसतो व अंक उठून दिसतात. पांढरी काच बसवली तर दिवसा अंक पुसट होतात आणि गिऱ्हाईक समजते की मशीन बिघडले. लाल अंकांना लाल काच, हिरव्या अंकांना हिरवी काच घ्यावी. निळ्या किंवा पांढऱ्या अंकांच्या नव्या घड्याळांना धुरकट काच चालते.

काच तयार करणे

तयार काच मिळाली नाही तर पारदर्शक लाल ॲक्रिलिकमधून ती घडवता येते. दुकानांच्या पाट्या बनवणाऱ्यांकडे असे तुकडे उरतात, पण दुधी रंगाचा तुकडा घेऊ नये. तुकडा पेटत्या अंकांवर धरून उन्हात पाहावा. अंक ठळक दिसले तरच तो कामाचा.

जुन्या काचेची लांबी, रुंदी व कडेची जाडी व्हर्नियरने मोजावी. तुकडा सर्व बाजूंनी एक मिलिमीटर मोठा कापावा. मग सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून पाण्यासह, आधी ४०० व नंतर ८०० नंबरवर, कडा घासाव्यात. दर थोड्या वेळाने केसमध्ये लावून पाहावे. एचएमटीच्या जुन्या चावीच्या घड्याळांवर ॲक्रिलिकची काच बसवलेल्यांना हे काम नवे नाही. आपल्याकडे उन्हाळा कडक असतो आणि ॲक्रिलिक उष्णतेने फुगते, म्हणून काच अगदी ठासून बसवू नये.

बसवताना सावधगिरी

प्रथम सेल काढावेत, मग मशीन बाहेर काढून झाकून ठेवावे. काही घड्याळांत अंकांजवळ केसाहून बारीक तारा असतात, तेथे बोट किंवा ब्रश लावू नये. जुनी काच आतून लाकडी काडीने हळूहळू दाबून काढावी.

झटपट चिकटणारा गोंद वापरू नये. त्याच्या वाफेने काच आतून पांढरी पडते. लाल ॲक्रिलिकला दोन भाग मिसळून तयार होणारा एपॉक्सी बारीक टोकाने लावावा व पूर्ण सुकेपर्यंत मशीन बसवू नये. पांढऱ्या खनिज काचेला उन्हात घट्ट होणारा यूव्ही गोंद चालतो. ॲक्रिलिक पुसायला पेट्रोल, थिनर, ॲसिटोन किंवा स्पिरिट घेऊ नये, त्याने बारीक तडे जातात. साबणाचे पाणी व मऊ कापड पुरे.

व्यवहार साफ ठेवा

ॲक्रिलिकवर ओरखडे लवकर पडतात, पण ते पॉलिश होते. खनिज काच अधिक कठीण असते, मात्र आपटल्यास फुटते. नीलमणी काच सर्वांत कठीण व महाग. यांतली कोणती बसवली ते पावतीवर लिहावे, तसेच काचेची किंमत व मजुरी वेगळी दाखवावी. जुनी काच गिऱ्हाइकाला परत द्यावी, कारण जमवणाऱ्याच्या दृष्टीने मूळ काच, फुटकी असली तरी, मोलाची असते. हातात चाचणीचे साधन नसेल तर पाण्याची हमी देऊ नये.

ॲक्रिलिकला खनिज काच म्हणून विकणाऱ्याला एकदा चार पैसे जास्त मिळतील, पण पहिल्या ओरखड्याला गोष्ट उघडी पडेल. जुने घड्याळ सांभाळणारा माणूस विश्वासाचा कारागीर शोधत असतो. तो एकदा मिळाला की दुसरीकडे जात नाही, आणि आपल्यासारख्या शौकिनांनाही त्याच दुकानाचा पत्ता देतो.