तानसाच्या नदीत मासे केव्हा आणि का?

प्रश्न : टीव्हीवर परदेशातले लोक धरणाखालच्या थंडगार नदीत कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून गळाने ट्राउट मासे पकडताना दिसतात, तेही भर उन्हाळ्यात. आमचं गाव तानसा धरणापासून जवळ आहे. धरण आहे, नदी आहे, मग आमच्याकडे असा थंड पाण्यातला मासा का मिळत नाही? उलट इथे उन्हाळाभर कोरड्या पडलेल्या ओहोळात पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री एकाएकी मासेच मासे होतात. ते येतात कुठून? जुनी माणसं सांगतात की ते पावसाबरोबर आभाळातून पडतात. (शहापूर तालुक्यातील एक वाचक)

उत्तर : आधी थंड पाण्याचं बघू. तो उलगडा झाला की पावसाच्या रात्रीचं कोडं निम्मं सुटेल.

आंघोळीच्या बादलीत गार पाण्यावर कढत पाणी हळूच ओतून पाहा. हात घातला तर वर चटका बसतो आणि तळाशी गारवा लागतो, कारण गरम पाणी हलकं, ते वरच राहतं. खोल जलाशयात उन्हाळ्यात हेच घडतं. ऊन वरचा थर तापवतं, तळाचं पाणी गारच राहतं. धरणाचं पाणी तळाजवळच्या दारातून नदीत सोडलं, तर भर मे महिन्यातही धरणाखालची नदी गार असते. तुम्ही टीव्हीवर पाहता त्या बहुतेक नद्या अशाच आहेत.

पण तळाचं पाणी किती गार, हे धरण ठरवत नाही. हिवाळ्यात वरचं पाणी निवतं, जड होऊन खाली बसतं आणि जलाशय वरपासून तळापर्यंत ढवळला जातो. त्या वेळी पाण्याचं जे तापमान असतं, साधारण तेच पुढे उन्हाळाभर तळाशी टिकतं. म्हणजे धरण थंडी तयार करत नाही, त्या गावच्या हिवाळ्याची थंडी साठवून ठेवतं. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात व्हाइट नदीवर 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला बुल शोल्स हे धरण झालं. तिथला हिवाळा कडक, त्यामुळे तळाचं पाणीही तसंच. धरणाखालची नदी इतकी गार झाली की तिथले मूळचे उबदार पाण्यातले मासे मागे हटले आणि बाहेरून आणून सोडलेला ट्राउट रमला. कोलोरॅडो नदीवर 1963 मध्ये ग्लेन कॅन्यन धरणाचे दरवाजे मिटले, तेव्हाही हेच झालं. तिथल्या देशी माशांना गार पाण्यात वाढणं अवघड झालं. त्यामुळे टीव्हीवरचं चित्र पाहून हळहळू नका, त्या मजेची किंमत तिथल्या मूळच्या माशांनी मोजलेली आहे.

आता आपला हिवाळा पाहा. तानसा समुद्रसपाटीपासून जेमतेम शंभर-सव्वाशे मीटर उंचीवर. पौषातल्या पहाटे तुम्ही शेकोटी पेटवत असाल, पण तलावाचं पाणी वीस अंशांच्या खाली सहसा जात नाही. ट्राउटला साधारण दहा ते अठरा अंशांचं पाणी मानवतं आणि पंचविशीच्या आसपास त्याचा जीव धोक्यात येतो. ब्रिटिशांनी गळाच्या हौसेसाठी हा मासा 1900 च्या सुमारास काश्मीरमध्ये रुजवला, पुढे निलगिरीच्या उंचावरच्या ओढ्यांतही तो तगला. सह्याद्रीच्या पायथ्याशी तो तगणार नाही, मग धरण कितीही मोठं असो.

तानसाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, आणि ती जवळच्या गावांतही अनेकांच्या ध्यानात नसते. हे धरण 1892 पासून मुंबईला पाणी पाजतं. सुमारे पावणेतीन किलोमीटर लांबीच्या त्या दगडी भिंतीमागचं पाणी नदीत उतरत नाही, ते जलवाहिन्यांतून थेट मुंबईला जातं. नदीच्या वाट्याला पावसाळ्यात तलाव भरून वाहिला तरच पूर येतो. एरवी झिरपलेलं पाणी आणि वाटेतल्या ओढ्यांचं जे येईल ते. धरणाखाली वाहती थंड नदी हवी, तर धरणाने तिला पाणी द्यायला हवं. इथे तेच नाही. शिवाय ही नदी खाली अकलोली, वज्रेश्वरी, गणेशपुरीवरून जाते, जिथे काठावर गरम पाण्याची कुंडं आहेत.

तुमच्याच तालुक्यात याला एक अपवाद मात्र आहे. भातसा धरणाची भिंत तानसाच्या दुपटीहून उंच, सुमारे 88 मीटर. तिथलं मुंबईचं पाणी आधी नदीत सोडतात. ते नदीतूनच वाहत खाली पिसे गावच्या बंधाऱ्यापर्यंत जातं आणि तिथून उचललं जातं. म्हणून भातसा नदी उन्हाळ्यातही वाहते, आणि धरणाजवळ वैशाखात पाय घातला तर सुखद गारवा लागतो. तो ट्राउटपुरता नाही, पण ‘धरणाखालची गार नदी’ शहापुरात कुठे पाहायची, तर इथे.

आता पहिल्या पावसाच्या रात्रीचं. मासे आभाळातून पडत नाहीत. वावटळीने पाण्याबरोबर मासे उचलल्याच्या घटना जगात क्वचित घडल्या आहेत, पण दरवर्षी, त्याच आठवड्यात, त्याच ओहोळात असं होणं शक्य नाही. मासे असतात तुमच्या जवळच. माघ-फाल्गुनात नदी तुटते आणि तिचे सुटे डोह उरतात. तळी, बंधारे, विहिरींतही थोडं पाणी राहतं. शिंगटी, वाम, लहान खवल्यांचे मासे तिथे दाटीवाटीने उन्हाळा काढतात. मरळ त्याहून चिवट. तिला पाण्याबाहेरची हवा घेता येते, त्यामुळे आटत्या तळ्यातल्या ओल्या चिखलातही ती तग धरते आणि पावसात ओल्या गवतावरून सरपटत दुसऱ्या पाण्यात जाते. शेताच्या बांधावर पहाटे मरळ सापडली की आभाळातून पडल्याची गोष्ट जन्माला येते.

मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला की डोह एकमेकांना जोडले जातात. पाणी गढूळ होतं, किंचित निवतं, पातळी चढते आणि ओहोळातून नवं पाणी वेगाने येऊ लागतं. अंड्यांनी भरलेल्या माशांना ही अंडी घालण्याची खूण असते. ते प्रवाहाच्या उलट, वर चढू लागतात, कारण वरच्या भातखाचरांत उथळ, उबदार, किड्या-शेवाळाने भरलेलं आणि मोठ्या माशांपासून सुरक्षित असं पाणी असतं. पिल्लांसाठी त्याहून चांगली जागा नाही. आपल्याकडे यांनाच वलगणीचे किंवा चढणीचे मासे म्हणतात. बांध फोडून काढलेल्या वाटेपाशी रात्री बॅटरी मारून बघा : हातभर उंचीवरून पाण्याची धार पडत असते आणि बोटभर मासा त्या धारेत अंग झोकून देतो, खाली आपटतो, पुन्हा उडी घेतो.

ही खूण किती पक्की आहे याचा एक पुरावा. रोहू, कटला आणि मृगळ तळ्यात मजेत वाढतात, पण साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणीच लागतं. म्हणून पूर्वी मत्स्यबीज नद्यांतून गोळा करावं लागे. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशाच्या मेंदूखालच्या पियुष ग्रंथीचा अर्क टोचून ही अंडी घालण्याची क्रिया तळ्यात घडवून आणली. 10 जुलै हा राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन त्यामुळेच. पावसाचं काम सुईकडून करून घ्यायला विज्ञानाला 1957 साल उजाडावं लागलं.

पुढचा हंगाम भाद्रपद-आश्विनात. पाऊस ओसरतो, खाचरातलं पाणी उतरू लागतं आणि त्याबरोबर मोठे मासे आणि वाढलेली पिल्लं नदीकडे परततात. बांधाच्या तोंडाशी बांबूचा सापळा लावायची ही वेळ. हिवाळ्यात मासे ‘थंडीने लपतात’ असं म्हणतात, ते अर्धंच खरं. पाणी पाच-सहा अंशांनी उतरलं की मासा सुस्तावतो, कमी खातो, म्हणून गळाला कमी लागतो. शिवाय पाणी नितळ झालेलं असतं, त्याला जाळं दिसतं. उन्हाळ्यात आटत्या डोहांत मासे सहज हाती लागतात, पण ते पुढच्या पावसाचं बियाणं असतं.

धरणाच्या पायथ्याशी मासे जास्त का, हेही यातूनच कळेल. चढणीचा मासा भिंतीपाशी येऊन अडतो आणि तिथेच घुटमळतो. त्या गर्दीच्या मोहाने तरुण मुलं दरवाजांखाली उतरतात. ते करू नका. तानसा भरल्यावर दरवाजे उघडले की खालच्या पात्रात पाणी बघता बघता चढतं, म्हणून तर शहापूर, भिवंडी, वसईकडच्या गावांना सावध केलं जातं. खुद्द जलाशयात जाळं टाकायचा विचारही नको. ते पाणी मुंबईच्या पिण्याचं आणि भोवतालचं रान तानसा अभयारण्याचं.

राहता राहिली वलगण. कातकरी, ठाकूर, वारली कुटुंबांच्या ताटात वर्षातला हा मोठा घास आहे, आणि चार घरांपुरते मासे पकडल्याने नदी कधी रिकामी झाली नाही. रिकामी होते ती बॅटरीचा करंट सोडून, ब्लीचिंग पावडर टाकून किंवा ओहोळाचं तोंड जाळ्याने पुरतं बंद करून. पाण्यात विष किंवा स्फोटकं टाकून मासे मारणं 1897 च्या कायद्यापासून गुन्हा आहे. गाभोळीची चव मोठी खरी, पण एका किलोभर रोहूच्या पोटात लाखांवर अंडी असतात. मरळ तर अंडी घालून निघूनही जात नाही. पाण्यावर लालसर पिल्लांचा पुंजका हलताना दिसला, तर खाली आईबाप राखणीला असतात. त्यांना उचललं की पुंजका बाकीच्या माशांचं खाद्य होतो. तेव्हा एवढं करा : पहिल्या पावसानंतरचे आठ-दहा दिवस ओहोळाची निम्मी वाट तरी मोकळी सोडा, पिल्लांजवळची मरळ मारू नका, आणि जाळं घेऊन निवांत जायचं ते आश्विनात.