दोन्ही घरचा पाहुणा की वाहती मांजरा?



बारसे, डोहाळजेवण, हळदीकुंकू यांचे व्हिडिओ आता घरोघरी निघतात आणि यूट्यूबवर जातात. पुण्याचे मामा, हैदराबादची आत्या ते आवडीने पाहतात. त्यांत कोणीतरी हसत म्हणतेच, "आम्ही सीमेवरचे! दोन्ही घरचा पाहुणा उपाशी." म्हण गमतीची, पण ती बोलताना आपण आपलेच चित्र काढत असतो. म्हणून आज अलंकार वहीबाहेर काढून पाहू.

"आमची बोली मांजरा नदीसारखी वाहती आहे." या वाक्यात बोली हे उपमेय, मांजरा हे उपमान, वाहतेपणा हा साधारण धर्म आणि 'सारखी' हा साम्यवाचक शब्द. ही झाली उपमा. "आमची बोली म्हणजे मांजराच" असे म्हटले की रूपक झाले. उपमेत दोन गोष्टी शेजारी बसतात. रूपकात त्या एकच होतात. म्हणून रूपक मनात खोल रुजते. 'आम्ही पाहुणे' हे रोज ऐकणारे मूल स्वतःला पाहुणाच समजू लागते.

आता हे उपमान आपल्याला शोभते का, ते तपासू. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली. हैदराबाद राज्यातील जुना बिदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर, निलंगा मुंबई राज्यात गेले, भालकी, औराद म्हैसूर राज्यात आले. हद्द सरकली, घरे जागेवरच राहिली. मग भालकीचा किंवा कलबुरगी जिल्ह्यातील आळंदचा मराठी माणूस पाहुणा कसा?

मांजरेचे उपमान मात्र चपखल बसते. ती बीड जिल्ह्यात उगम पावते, लातूरकडून बिदर जिल्ह्यात येते आणि पुढे तेलंगणात जाऊन गोदावरीला मिळते. आपले शब्दही असेच वाहिले आहेत. आपले तूप कन्नडमध्ये 'तुप्प' आहे. अक्का आणि अण्णा तर दोन्ही भाषांत घरचेच आहेत. हे सारे एका उखाण्यात असे मांडता येईल :

तूप इकडं, तुप्प तिकडं, भाकरी दोन्ही ताटी,
...रावांचं नाव घेते मांजरेच्या काठी.

पालकांना विनंती, पुढच्या व्हिडिओत मुलांसमोर स्वतःविषयी बोलताना उपमान निवडून घ्या. मुले ते पाठ करतात.

स्वाध्याय
१. घरच्या एका व्हिडिओतील दोन म्हणी किंवा उखाणे लिहून त्यांतील उपमेय व उपमान ओळखा.
२. आजीला विचारून आपल्या घराविषयी एक नवे रूपक तयार करा.
३. 'दोन्ही घरचा पाहुणा' याऐवजी तुम्ही काय म्हणाल? कारण सांगा.