पूरक की मानार्थ?

चि. मृण्मयीस,


'कॉम्प्लिमेंट' हा इंग्रजी शब्द कानाला एकच वाटतो, पण कागदावर तो दोन प्रकारे उतरतो. 'एल'नंतर 'ई' आला तर अर्थ पूरक गोष्ट. 'आय' आला तर स्तुती. त्यांची विशेषणे, म्हणजे दोन्ही 'कॉम्प्लिमेंटरी', आणखी घोटाळ्याची, कारण 'आय'वाल्या विशेषणाला मानार्थ, म्हणजे सौजन्य म्हणून विनामूल्य दिलेले, असाही अर्थ आहे. रुग्णालयाची माहितीपत्रके तू आता इंग्रजी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत लिहिणार, म्हणून या जोडीवर जरा सविस्तर लिहितो. ही चूक केवळ स्पेलिंगची मानून घोकंपट्टीने सोडवू नकोस. आधी अर्थ ठरव, अक्षर त्याच्या मागे येईल.

दोन्ही शब्दांचे मूळ एकच: भरून काढणे, पुरे करणे या अर्थाचे लॅटिन क्रियापद. त्यातला 'ई'वाला शब्द मूळ अर्थाला धरून राहिला. व्याकरणातले विधानपूरक, गणितातला पूरक संच हे त्याचेच क्षेत्र. 'कम्प्लीट' हाही त्याच घरातला, आणि त्यातही 'एल'नंतर 'ई'च आहे. दुसरा शब्द स्पॅनिश, इटालियन, फ्रेंच असा फिरून इंग्रजीत आला. शिष्टाचाराची मागणी पुरी करणे, समोरच्याचा मान राखणे हा अर्थ त्याला या वाटेवर चिकटला. शेक्सपिअरच्या काळात शिष्टाचाराच्या अर्थीही 'ई'चे स्पेलिंग चाले. कामांची वाटणी पुढे पक्की झाली. तेव्हा मूळ एक आहे म्हणून आज कोणतेही स्पेलिंग चालेल, हा युक्तिवाद टिकत नाही. वाचक शब्दाचा आजचा अर्थ वाचतो, त्याचे कुळ पाहत नाही.

तू म्हणशील, संदर्भावरून कळतेच की. पुष्कळदा कळते. कुणी कुणाच्या गाण्याची तारीफ केली, तिथे 'ई' पडला तरी कुणी फसणार नाही. फार तर लिहिणाऱ्याला हसतील. खरी अडचण दोन्ही शब्द सारखेच बसतात अशा वाक्यात येते. 'कर्करोगाच्या रुग्णांसाठी कॉम्प्लिमेंटरी थेरपी उपलब्ध' हे वाक्य घे. 'ई' असेल तर मुख्य उपचार चालू ठेवून त्यांच्या जोडीला योग, मसाज यांसारखे काही. 'आय' असेल तर पैसे न घेता केलेले उपचार. एका अक्षराने बिलाबद्दल गैरसमज होईल. वैद्यकात तर आणखी एक भेद सांभाळावा लागतो: पूरक म्हणजे मुख्य उपचारासोबत, पर्यायी म्हणजे त्याऐवजी. अमेरिकेतल्या या विषयाच्या सरकारी संशोधन केंद्राने 2014 साली आपल्या नावातला 'पर्यायी' हा शब्द काढला आणि 'पूरक' ठेवला. शब्दांना एवढे वजन असते. तिथे 'पूरक'च्या जागी 'मोफत' पडणे मुळीच परवडणारे नाही.

संगणक चुका पकडतो, हा दुसरा आक्षेप. साधा स्पेलिंग तपासनीस दोन्ही शब्द बरोबरच मानतो. व्याकरण तपासणारी नवी साधने आजूबाजूचे शब्द पाहून बरेच काही सुधारतात, हे मान्य. पण वरच्यासारख्या वाक्यात दोन्ही अर्थ शक्य असतात, आणि रुग्णालय पैसे घेणार की नाही हे वाक्यात कुठेच लिहिलेले नसते. ते तुला ठाऊक हवे.

म्हणून प्रत्येक वेळी मराठीत विचार: 'पूरक' म्हणायचे आहे की 'मानार्थ'? ही कसोटी उपयोगी आहे, मात्र डोळे मिटून वापरू नकोस. ज्या दोन कोनांच्या मापांची बेरीज 90 अंश होते, त्यांना इंग्रजीत हेच 'ई'वाले विशेषण लागते. आपल्या पाठ्यपुस्तकांत ते कोटिकोन आहेत आणि पूरक कोन म्हणजे बेरीज 180 अंश. शब्दाला शब्द लावून चालत नाही, ही गोष्ट शाळेतल्या भूमितीतही दिसते. पत्रक छापायला देण्याआधी त्यातला प्रत्येक 'कॉम्प्लिमेंटरी' एका पूर्ण मराठी वाक्यात सांगून पाहा. सांगता आला नाही, तर ते पत्रक छापायला पाठवू नकोस.

तुझा,
काका