पाऊल उघडं ठेव

चि. मृणाल,


परवा फोनवर पेशंटच्या गुडघ्याखाली तू बसवलेल्या प्लेटचा एक्स-रे किती सुरेख आला, ते तू दहा मिनिटं सांगत होतीस. पावलातली नाडी लागते का, असं विचारलं तर म्हणालीस, "वर बँडेज आहे ना, मामा." म्हणून हे पत्र.

गुडघ्यामागची धमनी हाडाला खेटून जाते आणि वर-खाली जखडलेली असते. सरकायला तिला जागा नाही. ड्रिल पलीकडे जरा जास्त घुसलं की ती सापडलीच. दुसऱ्या महायुद्धातल्या २४७१ धमनी-जखमांचा हिशेब डीबेकी आणि सिमिओनी यांनी १९४६ साली मांडला. तेव्हा धमनी बहुधा बांधूनच टाकत. गुडघ्यामागची धमनी गेलेल्यांत शंभरातल्या बहात्तर-त्र्याहत्तर जणांचे पाय कापावे लागले होते. आज धमनी जोडता येते, पण वेळेत पोचलं तरच.

माझ्या हातूनही झालंय. एका खासगी दवाखान्यात अशीच प्लेट बसवली. रात्री पाऊल गार. मी म्हणालो, स्पॅझम असेल, सकाळी बघू. सिस्टरला गरम पाण्याची पिशवीही ठेवायला लावली, तीही चूकच, कारण रक्त नसलेली कातडी लगेच भाजते. तिसऱ्या दिवशी त्या माणसाचा पाय मांडीतून काढला. स्पॅझम हे निदान नव्हतं, माझी पळवाट होती.

तेव्हा टूर्निके सोडून नाडी चाचपल्याशिवाय जखम शिवू नकोस. घोट्याचं प्रेशर दंडाच्या नऊ-दशांशाहून कमी भरलं तर संशय धर. रक्त उसळलं तर बोटाने दाब, पॅक भर. आंधळेपणाने क्लॅम्प मारशील तर शेजारची नसही चिरडशील. हाड सरळ करूनही नाडी आली नाही, तर सहा तासांचं घड्याळ सुरू झालंय. नांदेड तुझ्यापासून सव्वाशे किलोमीटरांच्या पुढे, म्हणजे त्यातले निम्मे तास हिमायतनगर-भोकरच्या रस्त्यावरच जाणार. आधी रक्तवाहिन्यांच्या सर्जनला फोन, मग १०८. पोटरी दगडासारखी ताठली असेल तर फॅसिओटॉमी करूनच पाठव. चिठ्ठीत नाडी गेल्याची वेळ लिही आणि "ड्रिलने इजा झाली असावी" हेही लिही. लाजू नकोस; तिथल्या सर्जनला कुठे शोधायचं ते त्यावरूनच कळतं. नातेवाइकांनाही तूच सांग, वॉर्डबॉयकडून कळायच्या आत.

एक चकवा आहे. मांडीत रॉड टाकलेला पेशंट तीन आठवड्यांनी सूज घेऊन येतो, हिमोग्लोबिन उतरलेलं. पू समजून ब्लेड लावू नकोस. आधी हात ठेव. ठणकत नसून धडधडत असेल, तर आत धमनीचा फुगा आहे.

माझा जुना डॉप्लर शनिवारच्या गाडीने पाठवतोय. सेल नवे घाल, प्रोब तिरका धर. आणि त्या प्लेटवाल्याचं बँडेज आज संध्याकाळीच बोटांपर्यंत कापून मला फोन कर.

तुझा,
मामा